घरभर एकच फरशी हवी, पण 'एकच' म्हणजे काय?

एका वाचक भगिनीचं पत्र, ओळख कळेल असे तपशील वगळून, थोडक्यात:

"आमच्या घरातल्या जुन्या टाइल्स बदलायच्या आहेत. दिवाणखाना, तीन झोपायच्या खोल्या, एक लांब बोळ, स्वयंपाकघर आणि दोन न्हाणीघरं. मला मुख्य दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत एकच, लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट हवंय. मध्ये कुठे जोड नको, पट्टी नको. यजमान म्हणतात, 'लॅमिनेट म्हणजे पुठ्ठा. पाणी पडलं की फुगणार. टाइल्सच टाकू.' दुकानदार म्हणतो, १२ मिलिमीटर जाडीचं वॉटरप्रूफ घ्या आणि डोळे मिटून न्हाणीघरातही टाका. सात नमुने चार महिने भिंतीला टेकवून ठेवलेत. एकदा टाकलं की जन्मभर तेच बघायचं, या धास्तीने हात पुढे होत नाही. सासरे वॉकर घेऊन चालतात, मागे एकदा टाइल्सवर घसरलेही आहेत, त्यामुळे काम लवकर व्हावं असं वाटतं. काय करू?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यापाशी थांबले. रंग, जाडी, दुकानदार, यजमानांचा विरोध असं सगळं सविस्तर लिहून झाल्यावर, अगदी निरोप घेता घेता तुम्ही सासऱ्यांच्या घसरण्याचा उल्लेख केलाय. मला वाटतं, तुमचा प्रश्न तिथून सुरू व्हायला हवा. वॉकरची रबरी टोकं कशावर टेकणार, खोलीतून बोळात येताना पाऊल किती उचलावं लागणार, न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आल्यावर पहिलं पाऊल कशावर पडणार, हे आधी ठरवा. भिंतीला टेकवलेल्या सातांपैकी निम्मे नमुने तिथेच बाद होतील.

आता तुमच्या 'एकच' या शब्दाबद्दल. मला वाटतं, त्यात तीन वेगळ्या इच्छा एकत्र झाल्यात. एकच माल हवा, एकच रंग हवा आणि एकच पातळी हवी. घर सलग दिसतं ते रंगामुळे आणि फळ्यांच्या दिशेमुळे. चालताना सलग वाटतं ते पातळीमुळे. माल एकच आहे की दोन, हे पाहुण्याला कळतही नाही आणि सासऱ्यांच्या पायालाही नाही. तरीही चार महिने तुमचा सगळा वाद मालावर अडून बसलाय. रंग आणि पातळी यांचा आग्रह तुम्ही जरूर धरा, मी तुमच्या बाजूने आहे. मालाचा आग्रह मात्र खोलीगणिक सोडावा लागेल.

असं का, ते कळण्यासाठी एक नमुना हातात घ्या आणि कापलेली कड उजेडात धरून बघा. सगळ्यात वर कागदाएवढा पातळ, पारदर्शक थर दिसेल. मेलामाइन राळेचा हा थर असतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे अतिशय कठीण कण मिसळलेले असतात. त्याखाली छापील कागद. लाकडाच्या रेषा, गाठी, रंग सगळं त्या कागदावर असतं. मग येतो तपकिरी, दाट गाभा, म्हणजे लाकडाचा बारीक तंतू राळेत कालवून, प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला फळा. एचडीएफ म्हणतात तो हाच. तळाला आणखी एक थर असतो, फळी वाकू नये म्हणून. स्वीडनमधल्या पर्स्टॉर्प कंपनीने १९७७ साली हा प्रकार शोधून काढला. त्यानंतर छपाई कमालीची सुधारली, सांधे बदलले, पण बहुतेक लॅमिनेटचा गाभा अजून लाकडाच्या तंतूचाच आहे. वरून कितीही पाणी ओतलं तरी त्या कठीण थराला काही होत नाही. पाणी शिरतं ते कडेने.

कडेने शिरतं म्हणजे काय होतं, ते मी पायाने अनुभवलंय. आमच्या स्वयंपाकघरात लॅमिनेट होतं. सिंकखालच्या पाइपाचा वायसर झिजला आणि थेंब थेंब पाणी कपाटाच्या मागून फरशीखाली जात राहिलं. वरून सगळं कोरडं ठणठणीत, त्यामुळे कुणालाच पत्ता नाही. एका रात्री पाणी प्यायला उठले आणि अनवाणी अंगठ्याला दोन फळ्यांच्या मध्ये एक बारीक वरंबा लागला. दिवा लावला तर काही दिसेना. मग टॉर्च फरशीवर आडवी ठेवून पाहिलं, तेव्हा तिरप्या उजेडात एकेका सांध्याची सावली उठून आली. सकाळी स्कर्टिंग काढलं. खालचा फोम चिंब भिजलेला, कुबट वास, आणि ८ मिलिमीटरची फळी कडेला १० च्या वर गेलेली. पंधरा दिवस फळ्या वाळवल्या. पाणी गेलं, फुगवटा तसाच राहिला. एचडीएफचा तंतू एकदा सुटला की पुन्हा पहिल्यासारखा दबत नाही, आणि लॅमिनेट लाकडासारखं तासून सारखंही करता येत नाही, कारण तासाल तर छापील कागदच निघून येईल.

तेव्हा यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे. 'पुठ्ठा' हा शब्द अन्यायाचा आहे, पण पाण्याची भीती खरी आहे. फक्त ती सगळ्या घराला सारखी लागू होत नाही. झोपायच्या खोलीत पाणी येतं कुठून? फार तर एखादा पेला सांडतो आणि तो आपण लगेच पुसतो. ते तुम्ही दोघांनी एकत्र बसून, खोली खोली घेऊन बोललात, तर बराचसा वाद तिथल्या तिथे विरेल असं वाटतं. आत्ता तुम्ही दिवाणखाना डोळ्यांपुढे ठेवून बोलताय आणि यजमान न्हाणीघर.

दुकानदाराने सांगितलेल्या दोन गोष्टी, १२ मिलिमीटर आणि वॉटरप्रूफ, नीट तपासून घ्या. जाडी वाढली की पायाखाली भरीव वाटतं, आवाज कमी पोकळ येतो, सांधा जरा दणकट होतो. हे फायदे खरे आहेत. पण वरचा थर किती झिजेल याचा जाडीशी काही संबंध नाही. ते खोक्यावरच्या एसी या अंकावरून कळतं. यंत्रावर फिरत्या घर्षणचाकांखाली फळी घासून हा अंक ठरवतात. एसी ३ घरगुती वापराला पुरतो. एसी ४ घेतलात तर दिवाणखाना आणि बोळ यांचीही काळजी उरत नाही. एसी ५ मुळात दुकानं-कचेऱ्यांच्या वर्दळीसाठी आहे. तेव्हा १२ मिलिमीटर आणि एसी ३ यापेक्षा ८ मिलिमीटर आणि एसी ४ ही निवड कितीतरी घरांत जास्त शहाणपणाची ठरते. तुमच्याकडे तर जाडीचा आणखी एक हिशेब आहे, त्याकडे येतेच.

'वॉटरप्रूफ' हा शब्द वाचला की त्याखालची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुधा तास लिहिलेले असतात, २४ किंवा ७२. म्हणजे वरून सांडलेलं पाणी तेवढे तास सांध्यातून आत शिरणार नाही, तेही फळ्या नीट बसवल्या असतील आणि भिंतीकडची फट सिलिकॉनने बंद केली असेल तर. खालून येणारी ओल आणि फुटलेला पाइप यांचा त्यात समावेश नसतो. माझ्याकडे झालं तसं झालं तर हे तास काहीही कामाचे नाहीत. खात्री करायची असेल तर घरीच एक प्रयोग करा. प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा कापून घ्या, एक टोक पाण्यात उभं ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून कोरड्या तुकड्याशेजारी ठेवा आणि कडेवरून नख फिरवा. ही परीक्षा कडक आहे, कारण कापलेली कड उघडी असते. पण सात नमुन्यांत कुठला किती फुगतो, ते लगेच कळतं. फरक पाहून तुम्हीही चकित व्हाल.

आता खोल्यांकडे वळू. न्हाणीघरात लॅमिनेट नको. 'चालेल बहुतेक' असं कुणीही म्हणालं तरी नको. तिथे खरखरीत टाइल हवी. टाइलवर 'आर ९', 'आर १०', 'आर ११' अशी घसरण्याविषयीची वर्गवारी असते, अंक जितका मोठा तितकी पकड जास्त. सासऱ्यांसाठी आर १० च्या खाली जाऊ नका. लहान आकाराची टाइल घेतलीत तर ग्राउटच्या, म्हणजे टाइल्समधल्या भरलेल्या फटींच्या, रेषा जास्त येतात आणि पायाला आणखी आधार मिळतो. तुमचे सासरे 'टाइल्सवर' घसरले असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं, गुळगुळीत पृष्ठभाग आणि पाणी कारणीभूत होतं. चकचकीत लॅमिनेटवर पाणी सांडलं तर तेही तितकंच निसरडं. म्हणून खोल्यांतही चमकदार फळी टाळा, जिच्यावर हात फिरवल्यावर लाकडाच्या रेषा बोटांना लागतात ती मॅट फळी घ्या.

तीन झोपायच्या खोल्या, दिवाणखाना आणि बोळ यांना लॅमिनेट छान. इथे मला काहीच शंका नाही.

खरा पेच स्वयंपाकघराचा. सिंक आहे, पाण्याची जोडणी असलेली यंत्रं असतील आणि पाइप कपाटांमागे लपलेले असतील. काही जण पाण्याला टिकणारं लॅमिनेट टाकून वर्षानुवर्षं समाधानी असतात. मी माझ्या अनुभवामुळे थोडी घाबरट झालेय, हे मान्य करते. तरीही तुमच्याजागी असते तर तिथे टाइल घेतली असती, लॅमिनेटच्याच छटेची, लाकडाच्या रेषांची, फळीसारखी लांबट. शिवाय कपाटं लॅमिनेटसारख्या तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवलेल्या, फरशीवर कधीच चढवायची नसतात. वजनाने फरशी एका जागी खिळली जाते आणि मग दुसरीकडे ती उचलली जाते किंवा सांधा उघडतो. म्हणजे कपाटांखाली लॅमिनेट येणारच नाही. उरते ती मधली चालायची जागा. तेवढ्यासाठी जोखीम घ्यायची का, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक वाट आहे. तुम्हाला खरोखर घरभर एकच माल हवा असेल तर एसपीसी, म्हणजे स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट, या फळीचा विचार करा. चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा तिचा गाभा पाण्याने फुगत नाही. ४ ते ६ मिलिमीटरची फळी, तीही एकमेकींत अडकवून बसवायची. स्वयंपाकघर, बोळ, खोल्या सगळीकडे एकच चालते. पण ती पातळ असल्याने खालचे उंचवटे वर उमटतात, पायाला लॅमिनेटपेक्षा थंड आणि कडक लागते आणि मोठ्या काचेतून कडक ऊन येत असेल तिथे तापून प्रसरण पावते. फळी न फुगणं आणि खाली पाणी न जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही ध्यानात ठेवा. पाणी खाली गेलंच तर ते तिथे कोंडून बसतं आणि बुरशी धरते. वरचा झिजेचा थर ०.५ मिलिमीटरचा असेल अशी पाहून घ्या. मला स्वतःला लॅमिनेटचा पायाखालचा ऊबदारपणा अधिक आवडतो, पण हा आवडीचा भाग झाला.

'जोड नको, पट्टी नको' याबद्दल मात्र तुमची थोडी निराशा करावी लागेल. लॅमिनेट खालच्या जमिनीला चिकटवलेलं नसतं, ते तिच्यावर तरंगतं. हवेतल्या दमटपणाप्रमाणे ते फुलतं, आकसतं. त्यासाठी चहूबाजूंनी भिंतीशी ८ ते १० मिलिमीटरची फट सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. दाराच्या चौकटीपाशी आणि पाइपाभोवतीही ही फट हवीच. एका सलग पट्ट्याची लांबी साधारण ८ ते १० मीटरच्या पुढे गेली की बहुतेक कंपन्या मध्ये जोडपट्टी मागतात. तुमचा बोळ लांब आहे आणि त्याला पाच-सहा दारं लागतात, त्यामुळे दारांत पट्ट्या येणारच. कारागीर 'काही होत नाही, सलग टाकतो' म्हणाला तर भुलू नका. पहिल्या दमट ऋतूत फरशी मधोमध उचलली जाते आणि मग त्याच कारागिराचा फोन लागत नाही. पट्टी दार मिटल्यावर बरोबर पानाखाली येईल अशी बसवून घ्या, फरशीच्याच रंगाची घ्या. डोळ्यांना ती खुपत नाही.

पायाला मात्र ती खुपू शकते आणि म्हणूनच पातळीचा हिशेब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ८ मिलिमीटरचं लॅमिनेट आणि २ मिलिमीटरचा अंडरले, म्हणजे फळ्यांखाली अंथरायचा फोमसारखा थर, मिळून १०. १२ चं घेतलंत तर १४. जुन्या टाइल्स काढून शेजारी नवी टाइल येणार असेल तर तिची जाडी आणि खालच्या चिकटमालाचा थर मिळून किती होतात, ते कारागिराला आधी कागदावर मांडायला सांगा. दोन्ही बाजू एका पातळीत आल्या तर दोहोंच्या मध्ये चपटी पट्टी बसते आणि वॉकर अडखळत नाही. चार-पाच मिलिमीटरचा फरक राहिला तर उतरती पट्टी लागते आणि पाय ओढत चालणाऱ्या माणसाला तेवढा उंबरठाही पुरतो. जुन्या टाइल्स न काढता त्यांच्यावरच लॅमिनेट टाकायचा विचार असेल तर तेही जमतं, फक्त टाइल्स पक्क्या हव्यात, ठोकल्यावर पोकळ वाजणाऱ्या आधी काढून भरून घ्या. मग मात्र सगळी दारं खालून तासावी लागतील आणि न्हाणीघराच्या दारात पायरी तयार होईल. तुमच्या घरात ती पायरी नको. जुन्या टाइल्स काढणं जास्त धुळीचं आणि खर्चाचं असलं तरी मी तेच करा म्हणेन.

लॅमिनेट बिघडतं त्याचं कारण पुष्कळदा फळीत नसतं, तिच्याखाली असतं. २ मीटर लांबीची सरळ पट्टी जमिनीवर ठेवा. खाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी जमीन सारखी करून घ्या, नाहीतर फळी प्रत्येक पावलाला खाली-वर होत राहते आणि कुसवासारखा बसलेला तिचा सांधा हळूहळू तुटतो. टाइल्स काढल्यावर नवा कोबा घातलात तर तो वाळू द्या. एका मिलिमीटरला एक दिवस असा ढोबळ हिशेब आहे आणि ४ सेंटीमीटरच्या पुढे वाळण्याचा वेग आणखी मंदावतो. ओलीचा अंदाज घ्यायला दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन जमिनीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलं किंवा जमीन काळवंडली तर काम थांबवा. दव दिसलं नाही तरी कारागिराकडून ओल मोजायच्या यंत्राने खात्री करून घ्या. सिमेंटच्या जमिनीवर अंडरलेच्या आधी पॉलिथिनचा कागद अंथरायचाच, एकावर एक चढवून आणि टेप लावून. अंडरले जाड घेतला की मऊ वाटेल असं म्हणतात, पण फार मऊ अंडरले सांध्यांचा शत्रू आहे. २ ते ३ मिलिमीटरचा, दाबल्यावर फारसा न दबणारा घ्या. वॉकरलाही तोच बरा. आणि खोकी आणल्या आणल्या कामाला लागू देऊ नका. ज्या खोलीत टाकायचं तिथे बंद खोकी ४८ तास आडवी पडू द्या.

फळ्यांची दिशा बोळाच्या लांबीबरोबर ठेवा आणि तीच खोल्यांत न्या. तुम्हाला हवा असलेला सलगपणा यातून जितका येईल तितका इतर कशातून येणार नाही. माल मोजमापापेक्षा ५ ते १० टक्के जास्त आणि एकाच बॅचचा घ्या. उरलेलं एखादं खोकं माळ्यावर जपून ठेवा.

त्या खोक्यामुळे तुमची 'जन्मभर तेच बघायचं' ही धास्तीही थोडी कमी व्हावी. सुरुवातीला लॅमिनेटच्या फळ्या सरसाने जोडत असत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकमेकींत खटकन अडकणारे सांधे आले आणि तेव्हापासून ही फरशी उलगडूनही काढता येते. एखादी फळी खराब झाली तर जवळच्या भिंतीपासून ओळी उचलत तिथवर जायचं, ती बदलायची आणि पुन्हा बसवायचं. पुढे-मागे रंगाचा कंटाळा आलाच तर तोडफोड न करता फरशी बदलता येते. तुम्ही घेताय तो निर्णय आठ-दहा वर्षांसाठी नीट विचार करून घ्यावा एवढा मोठा आहे. जन्माचा नाही.

पुसण्याबद्दल एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बादलीभर पाणी ओतून धुण्याची सवय या फरशीला मानवत नाही. फडकं घट्ट पिळून घ्यायचं, पुसल्यावर मिनिटभरात फरशी कोरडी दिसली पाहिजे. वाफेचा पोछा अजिबात नको. खुर्च्या-टेबलांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावा. तुमच्या घरी फरशी पुसणाऱ्या व्यक्तीला हे पटणार नसेल किंवा जमणार नसेल, तर तो एसपीसीच्या बाजूचा मोठा मुद्दा समजा.

गाभ्यातल्या राळेतून हवेत सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूची खोक्यावरची वर्गवारी ई १ किंवा त्याहून कडक आहे ना, तेही बघा. फळ्या बसवल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा, सासऱ्यांची खोली सगळ्यात आधी करून घ्या आणि तेवढे दिवस त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा.

राहता राहिला रंग. सात नमुने तुम्ही भिंतीला उभे टेकवलेत, तिथेच गडबड आहे. फरशी उभी कोण बघतं? ते जमिनीवर आडवे ठेवा, खिडकीजवळ एकदा आणि बोळाच्या अंधाऱ्या टोकाला एकदा. सकाळी बघा, संध्याकाळी दिवे लावून बघा. फार गडद रंगावर धूळ आणि प्रत्येक ओरखडा दिसतो. शिवाय वय झालेल्या डोळ्यांना फरशी कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे स्पष्ट दिसावं लागतं, म्हणून स्कर्टिंग फरशीपेक्षा वेगळ्या छटेचं ठेवा. ठळक गाठी आणि काळे-पांढरे पट्टे असलेली फळीही टाळा, कमी दिसणाऱ्या माणसाला त्या पट्ट्यांत खड्डा किंवा पायरी भासते.

असं करत दोन नमुने उरले की दोन्हींच्या चार-पाच पूर्ण फळ्या मागवा. बोळात अंडरले अंथरून त्या अडकवून ठेवा, शेजारी स्वयंपाकघरासाठी निवडलेली टाइल ठेवा आणि सासऱ्यांना बोलवा. वॉकर घेऊन त्यांना त्यावरून जाऊ द्या, एकदा मोजे घालून, एकदा अनवाणी, तुमचा हात त्यांच्या पाठीशी ठेवून. यजमानांनाही तिथेच उभं करा. कुठल्या फळीवर त्यांचं पाऊल न बिचकता पडतं, ते तुम्हा दोघांना दिसेल.